शेंदराखालचा माणूस

"पण त्याचं नाव काय, वस्ताद?"

"ठावं न्हाई."

"आन्‌ ह्या पलीकडच्याचं?"

"त्याचंबी ठावं न्हाई."

"मग बिननावाच्या दगडांपायी गावाची कमान अडवायची व्हय?"

तालमीच्या उंबऱ्यावर बसून दस्तगीर वस्ताद तांब्यातल्या पाण्यानं पाय धूत होते. ते चालूच राहिलं.

नांदरखिंडीच्या वेशीवर, तालमीच्या अगदी दारासमोर, वीरगळांची रांग आहे. गावासाठी लढून मेलेल्यांचे दगड. कधीचे, ते कुणाला माहीत नाही. आखाड्यात उतरण्याआधी पैलवान त्यांना शेंदूर फासतात. पिढ्यान्‌पिढ्या थरावर थर चढत गेले आणि आता सगळे नुसते तांबडे गोळे दिसतात. रांगेत मध्येच एक जागा रिकामी आहे. तिथला दगड घराच्या पायरीला गेला. कुणाच्या, ते सगळ्या गावाला माहीत आहे आणि बोलत कुणीच नाही. असलं आमचं गाव.

आता वेशीवर सिमेंटची कमान व्हायची होती. दगड उपटून तळ्याच्या भरावात टाकायचे आणि कमानीवर नाव लावायचं सर्जेराव पैलवानाचं. चांदीची गदा आणली होती त्यानं. गावानं हत्तीवरून मिरवला होता. त्याच्या नावाची कमान म्हटल्यावर नको कोण म्हणणार? नगराध्यक्षांनी डोकं मोठं चालवलं होतं.

अडून बसला तो फक्त जेसीबीवाला. वस्तादांनी होय म्हटल्याशिवाय आपण त्या दगडांना हात लावणार नाही, म्हणाला. म्हणून सकाळी सकाळी सर्जेराव, वस्तादांचाच पठ्ठ्या, स्वतः त्यांच्याकडे आला होता.

"तुमी एकदा व्हय म्हना," सर्जेराव म्हणाला. "माझं नाव लागलं म्हंजे तुमचंच लागलं की."

"आन्‌ ह्यांचं?"

"ह्यांना कोन वळखतं? माझा ह्यांचा संबंध काय?" त्याचा आवाज चढला. "एकाचं नाव सांगा, वस्ताद. एकाचं. आत्ताच्या आत्ता मशीन माघारी धाडतो."

वस्ताद उठले. रिकाम्या जागेशेजारच्या दगडापाशी गेले आणि दोन्ही अंगठे शेंदराच्या भेगेत घातले.

"वस्ताद, नगा..."

शेंदराचं कवच माणसानं काढायचं नसतं. ते आपोआप गळतं, आणि मग गाव ते वाजतगाजत नदीत सोडतं. हे सर्जेरावाला शिकवलं होतं ते वस्तादांनीच.

म्हाताऱ्यानं जोर लावला. कवच तडकलं आणि एक जाड खपली पायाशी पडली.

"ह्यातला कितीतरी मीच लावलाय," वस्ताद म्हणाले. "हात जोडजोडून गाडला आपन त्याला."

खाली माणूस होता. गुडघ्यापर्यंत धोतर, हातात ढाल, डोक्याला साधं मुंडासं. त्याच्या पाठीमागं गाई दाटीनं उभ्या होत्या आणि समोरून भालेवाले घोडेस्वार येत होते. खालच्या चौकटीत तोच माणूस आडवा पडला होता.

सर्जेराव वाकला. दगडातल्या त्या माणसाच्या पायांकडे बघत राहिला...

डावा पाय पुढं. गुडघा वाकलेला. टाच आत वळवलेली.

"ह्यो तर आपला पवित्रा," तो म्हणाला.

"व्हय."

साऱ्या मुलखात हा पवित्रा दुसऱ्या तालमीत नाही. गदा आणली ती त्यानं ह्याच्याच जोरावर.

"तुमाला कुनी शिकवला?"

"माज्या वस्तादानं."

"त्यांना?"

"त्यांच्या वस्तादानं."

"आन्‌ त्यांना...?"

वस्तादांनी अंगठ्याचा शेंदूर लुंगीला पुसला.

तेवढ्यात जीप आली. नगरपालिकेचे साहेब उतरले, मागून एक हवालदार. साहेबांनी दुसरा ड्रायव्हर बरोबरच आणला होता. तो वेशीवर उभ्या जेसीबीवर चढला आणि मशीन सुरू झालं.

वस्ताद चालत गेले आणि रांगेतल्या रिकाम्या जागेत उभे राहिले. डावा पाय पुढं. गुडघा पुरता वाकत नव्हता म्हाताऱ्याचा, पण टाच आत होती.

"बाबा, बाजूला व्हा. सरकारी कामात अडथळा आणताय तुम्ही."

"आनतोय," वस्ताद म्हणाले.

साहेब सर्जेरावाकडे वळले. "पैलवान, तुम्हीच समजवा आता. कमान तुमचीच आहे."

सर्जेराव पुढं झाला. वस्तादांना दोन्ही खांद्यांना धरून त्यानं अलगद उचललं आणि बाजूला ठेवलं. साहेब हसले. चला, मिटलं एकदाचं, असं हवालदाराला म्हणालेसुद्धा.

मग त्या रिकाम्या जागेत सर्जेराव उभा राहिला.

साहेबांचं हसू मावळायला जरा वेळ लागला. "पैलवान, हे काय? अहो, नाव जाईल तुमचं."

"जाऊ द्या."

"गुन्हा दाखल होईल. सत्कार, मानधन, सगळं बंद होईल. उद्या गावात कुणी ओळख देणार नाही तुम्हाला."

सर्जेरावानं डावा पाय पुढं टाकला. साहेबांनी हात केला. मशीन धूळ उडवत पुढं आलं आणि त्याचं लोखंडी बकेट पैलवानाच्या छातीसमोर येऊन थांबलं. इंजिन चालूच होतं. ड्रायव्हर साहेबांकडे बघत होता, साहेब ड्रायव्हरकडे.

सर्जेरावानं मान न वळवता हाक मारली.

"वस्ताद..."

"बोल."

"खरंच पुसतील ह्ये माझं नाव. कायबी उरनार न्हाई."

वस्ताद खाली बसले. दोन्ही हातांनी त्याचं पाऊल धरून जरासं फिरवलं.

"टाच आत घे," ते म्हणाले. "नाव काय ते मागनं येनारी पोरं इचारतील, तू इचारलंस तसं."