दस्तगीरच्या कड्याखालचं बारसं

भुजंग घाट निम्मा उतरला की डाव्या हाताला एक काळा कडा लागतो. भर वैशाखात सभोवतालचं रान करपतं, पण या कड्याच्या भेगेतून पाणी पाझरत राहतं. ट्रकवाले थांबतात, ओंजळभर पितात, कड्याला हात लावतात आणि मग पुढची वळणं घेतात. घाटमाथ्यावरचे धोंडिबा झोरे पाहुण्यांना इथे आणतात, आधी ते पाणी पाजतात आणि मगच सांगायला बसतात.

घण छाप गाड्यांचा कारखाना आता घाटाखाली नजर पोचेल तिथवर पसरला आहे. तेव्हा तिथे दौलतराव लोहारांची भट्टी होती, एवढंच. बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवता बसवता दौलतरावांनी एक तीनचाकी उभी केली. तिच्या आवाजावरून लोक तिला टिटवी म्हणू लागले आणि तेच नाव तिला चिकटलं. दूध, गूळ, नवरीकडची वऱ्हाडं, सगळं टिटवीतून जाऊ लागलं. भट्टीचा कारखाना झाला. मग दौलतरावांनी ट्रक करायला घेतला.

पहिल्या ट्रकवर दस्तगीर मुलाणी बसला. तो दौलतरावांचा लहानपणापासूनचा जोडीदार. वाळूची पोती भरून तो घाट उतरू लागला. त्या दिवशी बाजार होता, डोक्यावर पाट्या घेऊन बायका घाट चढत होत्या. वळणावर ब्रेकची नळी फुटली. समोर बायका, उजवीकडे दरी. दस्तगीरने विचार करायला वेळ घेतला नाही, असं सांगतात. त्याने चाक डावीकडे फिरवलं आणि ट्रक कड्यावर घातला. बायकांच्या केसालाही धक्का लागला नाही. दस्तगीर जागीच गेला.

दौलतरावांनी कारखान्याला कुलूप घातलं. ते जेवायचे नाहीत, कुणाशी बोलायचे नाहीत. त्यांची बायको इंदुमती हे पाहत होती. दस्तगीरची बायको हमीदा रोज दारावरून पाण्याला जायची, पण मान वर करायची नाही. तिच्या घागरीचा आवाज आला की इंदुमतीचा हात कामावरच थांबायचा.

एके सकाळी ती नवऱ्यासमोर जाऊन बसली. "कुलूप काढा. असा ट्रक करा, की मी त्यात बसून हा घाट उतरेन."

"आणि नाही थांबला तर?"

"तर तुमच्या घरचं माणूस जाईल. दुसऱ्याचं नाही."

दौलतराव उठले. त्यांनी ट्रकला दोन वेगळ्या नळ्यांचे ब्रेक बसवले, एक फुटली तरी दुसरीने चाकं धरावीत म्हणून. भुजंगनाथापुढे बेल उचलून शपथ घेतली, की आपल्या घरचं माणूस बसून घाट उतरल्याशिवाय एकही नवी गाडी विकायची नाही.

उतरायच्या दिवशी पंचक्रोशी घाटाच्या कडेला उभी होती. दौलतराव चालवायला बसले, इंदुमती शेजारी. एवढ्यात गर्दीतून हमीदा पुढे आली आणि तिने ट्रकच्या पायरीवर पाय ठेवला.

"वहिनी, तुम्ही कशाला?" इंदुमतीने विचारलं.

"आमचं माणूस खाली यायचं राहिलंय," हमीदा म्हणाली. "त्याला घेऊन येते."

इंदुमती सरकली. तिने हमीदाचा हात धरला.

कड्याच्या वर, ऐन उतारावर, दौलतरावांनी ठरल्याप्रमाणे एका नळीची तोटी बंद केली. ट्रक घसरला. मागे भरलेली वाळूची पोती पुढे रेटली गेली, लोखंड किंचाळलं, रबराचा धूर उठला. इंदुमतीने डोळे मिटले नाहीत. कडा मोठा मोठा होत काचेपर्यंत आला, आणि दुसऱ्या ब्रेकने चाकं धरली. एवढं ओझं घेऊन ट्रक त्या उतारावर गरीब गाईसारखा उभा राहिला. गर्दीतून एक आवाज निघाला नाही. त्या शांततेत त्या दोघींना पाण्याचा आवाज आला, म्हणे. तोवर हा कडा कोरडा ठणठणीत होता.

घाट संपल्यावर दौलतरावांनी हमीदाला विचारलं, "वहिनी, याचं नाव काय ठेवू?"

"नाव आहे की त्याला. दस्तगीर. हात धरणारा."

दस्तगीर ट्रक पुढे साऱ्या मुलखात पोचला. हिमालयाच्या बर्फात चालला, कच्छच्या रणात चालला. त्याच्यामागून मोरणी बस आली, मग खार नावाची इवली मोटार. कारखान्याच्या शाखा दूरदेशी गेल्या, पण प्रत्येक नव्या जातीची पहिली गाडी बारशाला इथेच आली.

आजही घण छापाची नवी गाडी बिननावाची घाटमाथ्यावर येते. लोहारांच्या घरची एक बाई आणि मुलाण्यांच्या घरची एक बाई तिच्यात शेजारी बसतात, आणि खाली पोचल्यावर मुलाण्यांची लेक तिचं नाव ठेवते. गेल्या वर्षी विजेवरची बस आली. ती इतकी गुपचूप उतरली, की कड्याशी उभ्या असलेल्या लोकांना ती पाठीशी येईस्तोवर कळलंच नाही. हमीदाची नात रुखसाना खाली उतरली. तिने बसच्या गार पत्र्यावर तळहात टेकला आणि म्हणाली, "चाहूल."