एका अक्षराचा प्रश्न

“पण भंतेजी, पदाचा वर्ग बदलला म्हणून माणूस बदलतो का?”

असं विचारतच करुणा रंगारी विहाराची पायरी चढली. वंदन करायचंही ती विसरली होती.

वैनगंगेच्या काठावरचा तो लहानसा विहार. भंते शीलरत्न आसनावर बसले होते. लहानपणी त्यांनीच तिला शिकवलं होतं. पुढं ती सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासणारी अधिकारी झाली. रंगारींच्या घरातली पहिली पक्की नोकरी.

“बस,” भंते म्हणाले. “कुणाचा वर्ग बदलला?”

“आमचा. सरकारनं आमची पदं वेगळ्या वर्गात टाकली. पूर्वी आम्हाला काढायचं तर आरोप ठेवावे लागत, चौकशी व्हायची. आता साहेबांची मर्जी गेली की एका ओळीचा आदेश पुरतो.”

“मग?”

“मग काय! खुर्च्या त्याच, माणसं तीच. पण माझ्याबरोबरचे चांगले शिकलेसवरलेले लोक आता अहवाल लिहिण्याआधी साहेबांना फोन करतात. ‘काय लिहू?’ म्हणून विचारतात.”

“तू विचारलंस?”

“मी? छे!” तिनं मान ताठ केली. “नव्या टाकीचं उद्घाटन ठरलं होतं. मी पाणी तपासलं तर त्यात गटाराचं पाणी मिसळत होतं. साहेब म्हणाले, ‘मॅडम, पिण्यास योग्य लिहून टाका. एका अक्षराचा तर प्रश्न आहे.’ मी ते अक्षर लिहिलं. पिण्यास अयोग्य! अहवाल गेला, टाकी बंद झाली. दुसऱ्या दिवशी मला घरी बसवलं.”

“भीती नाही वाटली?”

“जरासुद्धा नाही. मी कुणाच्या बापाला भीत नाही, भंतेजी.”

“बरं,” भंते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

करुणा वाट पाहत राहिली...

“भंतेजी, माझी नोकरी गेली.”

“ऐकलं.”

“तुम्हाला काहीच म्हणायचं नाही?”

“जिला भीतीच वाटत नाही, तिनं लिहिलं. त्यात मी काय म्हणू?”

करुणाचा चेहरा लाल झाला. ती ताडकन उठली, दारापर्यंत गेली. उंबऱ्याशी थबकली. पाठमोरीच उभी राहिली...

“वाटली,” ती म्हणाली.

भंतेंनी डोळे उघडले.

“फार वाटली. ‘पिण्यास’ एवढंच लिहिलं आणि हात पुढं सरेना. आईचं डायलिसिस डोळ्यांपुढं आलं. वाटलं, बाकीचे लिहितात तसं लिहावं अन् मोकळं व्हावं... मग त्या टाकीखालची वस्ती आठवली. तिथली लेकरं नळाला तोंड लावून पाणी पितात. रडत रडत लिहिलं, भंतेजी. सहीसुद्धा वाकडी आली.”

ती वळली. डोळे भरलेले होते, पण मान पुन्हा वर आली होती.

“पण लिहिलं.”

गुडघ्यावर हात टेकून भंते सावकाश उठले. आसन सोडून दोन पावलं पुढं आले आणि तिच्यासमोर उभे राहिले.

करुणा गोंधळली.

“भंतेजी, हे काय! बसा ना तुम्ही. मी तर आता कुठल्याच वर्गात नाही. आणि तुम्ही कुणासाठी उठत नाही. परवा मंत्री आले होते, तेव्हासुद्धा तुम्ही बसूनच होता.”

भंते आठवू लागले...

“परवा?” ते म्हणाले. “परवा तर इथं कुणीच आलं नव्हतं. आज आलंय.”