डोंगरावर थांबलेलं वाक्य

डोंगरदऱ्यांच्या एका मुलखात सात गावं होती. सातव्या गावातली एक मुलगी आठ वर्षं दूरच्या शहरात शिकली आणि गावी परत निघाली. वाटभर ती मनाशी बेत करत होती. गाव झोपलेलं असेल, आपण जागं करू. लोक गप्प असतील, आपण बोलतं करू.

गावात पाऊल टाकलं तर काय! सगळं गाव पारावर जमलेलं आणि सगळे एकदमच बोलत होते. कधी आलीस, जेवलीस का, हेसुद्धा तिला कुणी विचारलं नाही. जो तो शेजाऱ्याला एकच वाक्य सांगत होता, आणि शेजारी तेच वाक्य त्याला.

त्या मुलखात शब्द माणसांच्या आधी पोचायचे. सात गावांनी मिळून एक कारभारी निवडलेला होता. पहिल्या गावाच्या चावडीवर तो सभा घ्यायचा. तिथलं प्रत्येक वाक्य पहिल्या डोंगरावरचा हाळीवाला दुसऱ्या डोंगराकडे ओरडून सांगायचा, दुसरा तिसऱ्याकडे, असं सहाव्या डोंगरापर्यंत. ऐकणाऱ्यानं उलट "पोचलं!" म्हटलं, की मगच पुढचं वाक्य निघायचं.

सहाव्या डोंगरावर होते आप्पा. त्यांनीच कालचं वाक्य गावात आणलं होतं: "कारभारी म्हणतात, सातव्या गावापायी दरवर्षी नदीवरचा लाकडी साकव दुरुस्त कशाला करायचा? नदीत दोनचार माणसं वाहून गेली, तर कुणाचं काय अडतं?"

मुलीच्या डोक्यात तिडीक गेली. गादीवर बसलेला माणूस असंच बोलतो, हे तिनं शहरात कितीदा ऐकलं होतं. "मला वाटलंच होतं!" असं म्हणून ती पारावर चढली.

"ज्यांना आपली माणसं नकोत, त्यांचा साकव आपल्याला कशाला हवा? आपल्या हातांनी तोडू या! कळू दे त्यांना, आपण कुणाच्या उपकारावर जगत नाही!"

टाळ्या पडल्या. एक म्हातारा म्हणाला, "बघा, शिकलेलं माणूस कसं मुद्द्याचं बोलतं!" गुरं परतली, की कुऱ्हाडी घेऊन नदीवर जायचं, असं ठरून गेलं.

मुलगी घरी आली. अंगणात तिचा दादा कुऱ्हाडीला धार लावत होता. दारात वहिनी भिंतीला टेकून बसली होती. तिला नववा सरत आला होता.

"भाषण छान झालं म्हणे, वन्सं."

"वहिनी, तू बघच आता. एकदा कसा धडा मिळतो ते!"

"बघते ना." वहिनीनं पोटावर हात ठेवला. "मला तर आजउद्याचं दिसतंय. सुईणबाई नदीपलीकडे राहतात. साकव तुटल्यावर त्या कशा येतील? पोहत?"

दादाची धार लावणं थांबलं, मग पुन्हा सुरू झालं.

"पण कारभाऱ्यानं असं बोलावं, आणि आपण ऐकून घ्यावं?" मुलगी म्हणाली.

"तुम्ही ऐकलंत त्यांना बोलताना?"

"आप्पांनी ऐकलं."

"आप्पांनी कुठे ऐकलं? त्यांना पाचव्या डोंगरानं सांगितलं, त्याला चौथ्यानं." वहिनी हळूच म्हणाली, "मी आपली अडाणी. पण भाजी घेताना जुडीसुद्धा उलटून बघते मी."

मुलगी तशीच पारावर परत गेली. आप्पा तिथे अजून तेच सांगत होते. एव्हाना वाक्याबरोबर हातवारेही वाढले होते, आणि कारभारी ते बोलताना हसले होते, हेही आता आप्पांना ठाऊक झालं होतं.

"आप्पा, त्यापुढे कारभारी काय म्हणाले?"

"पुढे?" आप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या. "असलं ऐकल्यावर पुढचं ऐकायला कोण थांबतं, पोरी? धावत खाली आलो. गावाला सांगायला नको?"

"पण तुम्ही उलट 'पोचलं' म्हणालात ना?"

आप्पांचा हात हवेतच राहिला. "ते... ते राहिलंच."

"चला वर."

"आत्ता? माझे गुडघे..."

"आप्पा, चला!"

गुरं रानातून उतरायला लागली होती, तेव्हा दोघं धापा टाकत डोंगरावर पोचली. आप्पांनी तोंडाशी ओंजळ धरून पाचव्या डोंगराकडे हाळी दिली. "अगं एऽऽ, आहेस का?"

पाचव्या डोंगरावर एक बाई हाळी द्यायची. दरीपलीकडून तिचा खणखणीत आवाज आला. "जिवंत आहेस होय रे! काल दुपारपासून घसा फोडतेय मी! 'पोचलं' म्हणायला तुझं काय जात होतं? तुझ्या वाटणीचं एक वाक्य पडलंय माझ्याकडे. ते पोचवल्याबिगर उतरता येत नाही मला. सून भाकरी इथं आणून देते, रात्री झोपले पण इथंच!"

"चुकलं गं माझं! सांग वाक्य!"

"ऐक! कारभारी म्हणतात, हे गाऱ्हाणं झालं. आता माझं उत्तर ऐका. साकव दुरुस्त होणार, आणि त्याचा पहिला वासा मी स्वतः बांधणार!"

आप्पा मटकन खडकावर बसले. मुलीच्या छातीवरचा दगड उतरला. धावत खाली जावं म्हणून ती वळलीसुद्धा, आणि तिथेच थांबली.

"काय झालं?" आप्पांनी विचारलं.

"आप्पा, मघाशी मला वाईट ऐकायचं होतं, तर ते लगेच पटलं. आता मला चांगलं ऐकायचंय, आणि हेही लगेच पटतंय. पहिल्या डोंगराला विचारू या. पण या बाईचं वाक्य त्याला सांगायचं नाही. एवढंच विचारायचं, की साकवाचं ते बोलणं झालं, त्याच्या आधी आणि नंतर चावडीवर काय घडलं?"

प्रश्न डोंगराडोंगरावरून गेला. उत्तराची वाट बघताना मुलीची नजर खाली नदीकडे होती. गुरं गोठ्यात गेली. एकेक माणूस साकवाकडे निघाला. दादाही निघाला. खाली दोघा गावकऱ्यांनी साकवाच्या कडेचा पहिला दोर हातात धरला.

तेवढ्यात पाचव्या डोंगरावरून आवाज आला.

पहिल्या डोंगरानं सगळं नीट सांगितलं होतं. दुसऱ्या गावचा एक माणूस गाऱ्हाणं घेऊन चावडीवर आला होता. साकवाचं ते बोलणं त्याचं होतं. कुणाचंही गाऱ्हाणं आधी त्याच्याच शब्दांत मोठ्यानं म्हणून दाखवायचं, म्हणजे आपलं ऐकलं गेलं अशी त्याची खात्री पटते, आणि मगच उत्तर द्यायचं, ही कारभाऱ्यांची पद्धत. आणि चावडीवरचं प्रत्येक वाक्य कारभाऱ्यांच्या नावानं पुढे पाठवायचं, ही हाळीवाल्यांची रीत. उत्तराचं वाक्य मात्र पाचव्या डोंगरानं सांगितलं होतं तेच होतं, शब्दाला शब्द.

म्हणजे ते शब्द कारभाऱ्यांच्या तोंडून आले होते, हे खरंच होतं. फक्त ते त्यांचे नव्हते.

"पोचलंऽऽ!" आप्पा पाचव्या डोंगराकडे ओरडले. मग नदीकडे वळून त्यांनी अशी हाळी दिली, की झाडांवरचे बगळे उडाले. "थांबाऽऽ! कुऱ्हाडी खाली ठेवा! वाक्य अर्धंच आलं होतंऽऽ!"

उरलेलं वाक्य त्यांनी तीनदा सांगितलं. खाली दादानं कुऱ्हाड गवतात टाकली. कुणीतरी ओरडून विचारलं, "आप्पा, आणखी काही आहे का पुढे, का परत धावत येताय?" आणि सगळी नदी हसण्यानं भरून गेली.

अंधार पडायच्या आत दादा सुईणबाईंना घेऊन साकवावरून आला. त्या मधेच थांबून म्हणाल्या, "हा साकव तोडणार होतात म्हणे? त्यापेक्षा माझे गुडघे तोडा ना, म्हणजे यायचीच कटकट नको!"

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. बाळाला मांडीवर घेतल्यावर शिकून आलेल्या त्या मुलीला कालपासून पहिल्यांदा मोकळा श्वास आला.

बाळाची खबर द्यायला ती पारावर गेली. तिथे गाव पुन्हा जमलं होतं, आणि पुन्हा सगळे एकच बोलत होते: "आप्पांना डोंगरावरून काढा! त्यांच्यामुळे साकव गेला असता!" आप्पा खाली मान घालून कडेला बसले होते. तिला बघताच कालचा म्हातारा म्हणाला, "या पोरीमुळे वाचलो बरं सगळे!"

पारावर तिनं काल काय म्हटलं होतं, ते कुणालाच आठवत नव्हतं. ती गप्प राहिली असती, तरी चाललं असतं.

ती पारावर चढली. "आप्पा एक वाक्य ऐकून धावले. मी तेच वाक्य ऐकून तुमच्या हातात कुऱ्हाडी दिल्या. ते नुसतं सांगत होते, तोडा म्हणणारी मी होते. काढायचं असेल, तर आधी मला गावातून काढा."

मग म्हातारा पुटपुटला, "टाळ्या तर आम्हीच वाजवल्या."

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "आजपासून दर सभेला मी आप्पांबरोबर डोंगरावर बसणार. सभा उठली, अशी हाळी येईपर्यंत आमच्यातलं एक जण तरी वरच राहील."

आप्पांनी मान वर केली. "आणि दोघंही धावत सुटलो तर?"

"तर घरी वहिनी आहे," ती म्हणाली, आणि आप्पांना हात देऊन तिनं उठवलं. त्या दिवशीही सभा होती.

तात्पर्य काय, तर कुणाच्या नावानं धक्कादायक बोलणं कानावर आलं, की ते शब्द त्याच्या तोंडून आले का, एवढंच विचारून थांबू नये. ते त्याचे स्वतःचे होते का आणि त्यापुढे तो काय म्हणाला, हेही ऐकावं. आणि जे ऐकताक्षणी मनाला पटतं, ते तर दोनदा पारखावं.