बादलीभर माती

गिरिजेचे बाबा तिच्या पणजीच्या, अव्वाच्या मातीला गेले आणि जाताना पोरीची खेळण्यातली बादली सोबत घेऊन गेले. त्या बादलीनं काल माझी झोप उडवली.

झालं असं, की गावाहून फोन आला. "अव्वाच्या मातीला जाऊन येतो," हे मला हळूच म्हणाले. पण गिरिजेनं ऐकलंच. पाच वर्षांची ती. तिला माती म्हणजे माती. पळत जाऊन बादली घेऊन आली. "बाबा, मला पण आण. काळी आण हं, तांबडी नको." यांनी माझ्याकडे बघितलं, मी बेसिनकडे. बादली गाडीत गेली. एवढी शिकलेली आई, पण 'अव्वा गेली' हे दोन शब्द काही तोंडातून निघेनात.

रात्री अंथरुणात शिरल्या शिरल्या तिनं विचारलं, "आई, माती कशाची करतात गं?"

मग मी गोष्टच सुरू केली. खरं सांगायचा धीर नसला की गोष्ट बरी पडते.

एक होती राणी. तिचं सगळं राज्य कातळाचं, बरं का. मातीचा कण म्हणून नाही. राणीकडे जोंधळ्याचा एकच दाणा उरलेला. तो रुजला नाही, तर राज्यात भाकरी कायमची बंद.

"मॅगी खायची मग."

"मॅगीसुद्धा नाही."

गिरिजा आणखी जवळ सरकली.

मग राणी माती शोधायला निघाली. आधी भेटली काळी. "बाई, तू कशाची झालीस?" काळी म्हणाली, "काळ्या दगडाची. उन्हानं तडकले, पाण्यानं झिजले. मी पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात मात्र भेगाळते." मग भेटली तांबडी. "मीही दगडाचीच. पण माझ्या अंगात लोखंड, त्याला चढला गंज." आपल्या तव्याला चढतो ना, तसा. मग नदीकाठी भेटली रेताड. ती म्हणाली, "मी दगडाचेच जाडे जाडे कण. पाणी येतं नि पळतं, माझ्याकडे मुक्कामाला राहतच नाही."

राणीला वाटलं, हात्तिच्या! दगडच ना? तिनं कातळ फोडला, जात्यावर दळला. त्या पिठात दाणा पेरला, पाणी घातलं. दाणा आपला ढिम्म. राणी रडायलाच लागली.

तेव्हा कातळावरून कुणीतरी हळूच बोललं. कोण? दगडफूल! आपल्या मसाल्याच्या डब्यात असतं ते, सुरकुतलेलं, करडं. फार म्हातारं होतं बिचारं. म्हणालं, "बाई गं, हे नुसतं पीठ. यात कुणी जगलेलंच नाही. पान, मूळ, किडामुंगी, कुणीतरी जगून, दमून यात निजावं लागतं, तेव्हा माती होते. माझं पुष्कळ जगून झालं. मला घे."

"मग तू कुठे जाशील?" राणीनं विचारलं.

"जातंय कुठे? दाण्याच्या पायाशीच."

मग ते पिठात निजलं. राणीनं वरून अलगद हात फिरवला. आणि काही दिवसांनी दाण्याला हिरवं टोक फुटलं.

"दगडफुलाला दुखलं?"

"नाही गं. दमलं होतं."

"अव्वासारखं?"

आता बेसिनही नव्हतं बघायला.

"हो," मी म्हणाले. "अव्वासारखंच. अव्वा गेली, बाळा. तिला मातीत निजवायला बाबा गेलाय." मग घाईघाईनं गोष्ट संपवली. जोंधळा डुलला, घरोघरी भाकरी फुगली, राणी निवाली, लेकरं निजली. आता तू पण नीज.

मी मनातल्या मनात शंभर उत्तरं जुळवत होते.

"आई, बाबाला सांग, माती नको आणू. अव्वाला सगळी लागेल." मग कूस वळवून म्हणाली, "पण बादली आण म्हणावं."