शब्दाची रिकामी वाटी

एकदा एका तरुणाला इंग्रजीतल्या चमत्कारिक, मजेशीर शब्दांचा नाद लागला. साधं बोलणं त्याला अळणी वाटू लागलं. एका वृद्ध, निवृत्त शिक्षकांकडे तो दर रविवारी जाई आणि एखादा नवा शब्द घेऊन येई. घरी मात्र तो आणि वडील, दोघेच. आई गेल्यापासून ‘दूध आलं का?’ यापलीकडे त्यांच्यात बोलणं उरलं नव्हतं. दोघांना बोलतं ठेवणारी तीच होती. ही शांतता त्याला फार सलत असे, पण सुरुवात कुठून करावी ते उमगत नसे.

एका रविवारी सरांनी त्याला शब्द दिला, ‘डिस्कॉम्बॉब्युलेटेड’, म्हणजे पुरता गोंधळून गेलेला. पुढच्या रविवारी शिष्याने तो अर्थासकट घडाघडा म्हणून दाखवला. सर म्हणाले, “वाटी रिकामीच आणलीस. आज नवा शब्द नाही.” त्यानंतरच्या रविवारीही तेच झालं.

शिष्य हिरमुसला. “सर, माझं चुकलं तरी काय?”

“शेजारणीने वाटीभर खीर पाठवली, तर तुझी आई वाटी रिकामी परत करायची का रे?”

“छे. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची.”

“मग शब्दाची रीत वेगळी कशी असेल, बाळा? तो कुणाला तरी द्यावा आणि समोरचा त्यात काय घालून परत देतो ते पाहावं. तू तो धुऊन-पुसून मलाच आणून देतोस. घरी दे.”

घरी देण्याजोगं माणूस एकच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुकरची शिट्टी, दाराची बेल आणि फोन एकदमच वाजले. तेव्हा तो धीर करून म्हणाला, “बाबा, मी पार डिस्कॉम्बॉब्युलेटेड झालोय.”

“काय झालायस?” वडिलांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. शब्द म्हणून पाहिला, मध्येच अडखळले, पुन्हा म्हणून पाहिला आणि हसू लागले. कितीतरी महिन्यांनी. मग डोळे पुसत म्हणाले, “तुझी आई अशा वेळी म्हणायची, त्रेधातिरपीट उडाली. आमच्या लग्नात पंगत बसली आणि आचारीच पळाला, तेव्हा पहिल्यांदा ऐकला मी हा शब्द तिच्या तोंडून.” त्या दिवशी बापलेक पुष्कळ वेळ तिच्याविषयी बोलत बसले.

रविवारी शिष्य आला. “त्रेधातिरपीट, सर,” तो आधी एवढंच म्हणाला. पुढचं सारं त्याने हळूहळू सांगितलं. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “बस. आता नवा शब्द देतो.”

“पुढच्या रविवारी घेतो, सर. बाबांची गोष्ट अर्धी राहिली आहे.”

सरांनी त्याला थांबवलं नाही.