जांभळी ओंजळ

पांघरूण घ्या बघू नीट. हुंकार देत राहा, नाहीतर मी आपली गप्प बसेन.

एकदा काय झालं, सात समुद्रांपलीकडे, मेक्सिको देशाच्या किनाऱ्यावर, झापोटेक लोकांच्या गावात बियानी नावाची मुलगी राहायची. तिची आई फार आजारी. दोरांच्या झोळीत निजायची, तिथून उठवतसुद्धा नव्हतं तिला. त्या गावची रीत अशी, की बाई देवाघरी जाते ती जांभळं वस्त्र नेसून. आईचं वस्त्र विणून होत आलं होतं, फक्त तीन लडी सूत रंगवायचं राहिलं होतं.

आता हा रंग मिळायचा कुठं? तर समुद्राच्या खडकावर, बरं का! तिथं शंखातली गोगलगाय असते. तिला अलगद उचलून फुंकर घातली, की ती दुधासारखा रस सोडते. तो सुताला लावायचा. सूत आधी हिरवं होतं, मग उन्हात जांभळं. आणि गोगलगायीला परत ओल्या सावलीत ठेवायचं. तिच्यात पुन्हा रस भरेपर्यंत, महिनाभर त्या खडकाला हात लावायचा नाही. आईनंच शिकवलं होतं हे.

मग बियानी पहिल्या खडकावर गेली. एक लड रंगली. मग दुसऱ्यावर गेली. दुसरी रंगली. तिसऱ्या खडकावर मात्र एकही गोगलगाय नाही! आणि घरी आईला धाप लागलेली. महिना थांबायला वेळ कुठला? मग ती पहिल्याच खडकाकडे धावली. गोगलगाय उचलली, फुंकर मारली. काही नाही. दाबली. काही नाही. पिळली, तेव्हा नुसतं पाणी. बियानीनं रागानं तिला कोरड्या खडकावर टाकलं आणि पांढरी लड घेऊन घरी आली.

आईनं डोळे उघडले. "सावलीत ठेवलंस ना गं तिला?"

बियानीनं पांढरी लड पाठीमागं लपवली.

"जा बाळा, आधी तिला ठेवून ये."

"आणि तेवढ्यात तू गेलीस तर?"

"थांबते मी. जा."

मग बियानी रडत रडत पळाली. बिचारी गोगलगाय उन्हात सुकत चालली होती. बियानीनं ओंजळीत समुद्राचं पाणी घेतलं, तिला त्यात ठेवलं आणि अंगाची सावली धरून बसली. जीव सगळा आईपाशी, पण हलली नाही. भरती आली, पायाला लाट लागली, तेव्हा गोगलगाय हळूच सरकली. आणि आपण होऊन तिनं ओंजळीत रस सोडला. कुणी पिळलं नाही, कुणी मागितलं नाही!

मग बियानीनं तिला ओंजळीतूनच ओल्या कपारीत सरकू दिलं आणि ओंजळ सांभाळत घर गाठलं. आई थांबली होती. बियानीनं पांढरी लड ओंजळीत भिजवून दारातल्या उन्हात धरली. आईच्या डोळ्यांदेखत ती जांभळी झाली. आईनं लडीवरून हात फिरवला, "आता जाते," म्हणाली आणि डोळे मिटले.

बियानी खूप रडली. तिनं तेवढं वस्त्र पुरं केलं आणि आईला नेसवलं. मग गावानं फुलं वाहिली, धूप जाळला.

बियानीचे तळवे मात्र जन्मभर जांभळेच राहिले. पुढं तिला मुली झाल्या, नाती झाल्या, सगळ्या सुखानं नांदल्या. त्यांना रंगकाम शिकवताना ती आधी तळवे दाखवायची.

त्या गोगलगायी आता ओल्या सावलीत झोपल्या असतील. मिटा डोळे तुम्हीही.