अदबशीर चाक

"गाडी सरळच चालते. रस्ताच उजवीकडे पळतो!" हिंगणगडचे रायाजीराव महाराज गरजले. "तेव्हा रस्ता हलवा!"

महाराजांची विलायती मोटार सुकाणू सोडलं की डावीकडे वळायची. दसऱ्याला महाराजांनी सीमोल्लंघन म्हणून ती खरोखरच ओढ्यावरून उडवली होती, तेव्हापासूनचं हे दुखणं. पण तसं म्हणणार कोण? शिदू ड्रायव्हर एवढंच म्हणाला होता, "सरकार, गाडी जरा ओढते." दुसऱ्या दिवशी तो तबेल्यात घोड्यांच्या शेपट्या विंचरत होता!

शेवटी ओव्हरशियर काशीनाथपंतांना हुकूम झाला, की मोटार आपल्या मनाने जाईल तसा नवा रस्ता आखा. महाराज हात बांधून गाडीत बसले. मोटार निघाली. मागून पंत फक्कीची पांढरी रेघ ओढत धावले. मोटार डावीकडे वळली, भाजी बाजारातून गेली, कोष्टी आळी ओलांडली, पुन्हा डावीकडे वळली आणि भलं मोठं रिंगण घालून राजवाड्याच्याच दारात येऊन उभी राहिली.

"पाहिलंत?" महाराज हर्षाने म्हणाले. "जनावरासारखं घर ओळखते! असाच रस्ता बांधा."

पंतांना धाप लागली होती. "पण सरकार, हा रस्ता कुठेच जात नाही!"

"आम्हाला तरी कुठे जायचंय?"

मोटार आळीच्या बोळातून गेली होती, पण रस्त्याची रुंदी धरून पंतांनी ओढलेली रेघ राही कोष्टिणीच्या घरातून, थेट तिच्या मागावरून गेली होती. मागावर अर्धं विणलेलं लुगडं होतं आणि त्या लुगड्यावर फक्की सांडली होती. राहीने फक्की झटकली, कनवटीला सुताची गुंडी खोचली आणि तडक राजवाडा गाठला.

"सरकार, सोमवारी आमची आळी पाडणार म्हणे!"

"पाडणारच. रस्ता नको का?"

"गाडी जुन्याच रस्त्याने सरळ गेली तर?"

महाराजांनी मिशीला पीळ दिला.

"हात सोडून सरळ गेली, तर आळी वाचली. पण माझी गाडी निर्दोष आहे! तिच्यात दोष काढायचा नाही. धक्के झेलणारे कमानपाटे विलायतेहून आले तेच राहतील. एकही भाग बदलायचा नाही, बाहेरचा एक खिळासुद्धा लावायचा नाही. हरलीस तर शिदूच्या शेजारी उभी राहून शेपट्या विंचर. जन्मभर!"

आता मागे फिरून राही जाणार कुठे? घरातून तर रस्ता जायचा होता.

तिने आधी दारात उभ्या असलेल्या गाडीभोवती एक फेरी मारली. मागाची आडवी तुरई, म्हणजे कापड गुंडाळायचा दांडा, तिरकी बसली, की कापड एका अंगाला पळतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिने सूत काढलं. उजव्या बाजूला पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत ताणून गाठ मारली. तेच सूत डाव्या बाजूला धरलं. गाठ चार बोटं पुढे गेली! डावं पुढचं चाक मागे सरकलं होतं. ओढा ओलांडताना पुढच्या चाकांचा आस कमानपाट्यावरून घसरला होता, इतकं साधं होतं सगळं. राहीला हसूच फुटलं. पण हे बोलायचं कसं? बोललं तर दोष काढला!

तिने पदर सावरला आणि चाकाला वाकून मुजरा केला.

"हे काय?" महाराजांनी विचारलं.

"धन्य आहे या चाकाची, सरकार! साऱ्या गाडीत हेच एक अदबशीर. हुजूर जवळ आले, की चार बोटं मागे सरून उभं राहतं."

महाराज खूश झाले. "अस्सं? आणि उजवं?"

"ते जरा उर्मट दिसतं. तसंच पुढे उभं आहे. एक पुढे, एक मागे, म्हणून गाडी डावीकडे जाते. आता या मानकऱ्याला बरोबरीने उभं राहायची परवानगी हवी. ती द्यायला तुमच्याशिवाय दुसरं आहे कोण?"

महाराज ताडकन उठले. चाकासमोर जाऊन त्यांनी खड्या आवाजात हुकूम सोडला, "चाका! चार बोटं पुढे हो!"

चाक ढिम्म.

"ऐकत नाही!" महाराजांचा चेहरा लाल झाला.

"कसं ऐकेल? पाट्याच्या पकडीने त्याचा कंबरपट्टा आवळून धरलाय. तेवढा सैल करायला शिदूला बोलवा. की सैल करणं म्हणजे बदलणं झालं, सरकार?"

"छे छे! जेवल्यावर मीही कंबरपट्टा सैल करतो. म्हणून काय मी बदलतो?"

शिदू पाना घेऊन धावतच आला. पकडीचे नट सैल झाले. महाराजांनी पुन्हा हुकूम दिला, शिदूने आस पुढे रेटला, राहीने सूत धरलं. गाठ दोन्हीकडे जुळली! शिदूने तेच नट पुन्हा आवळले. एकही खिळा आला नाही, एकही गेला नाही.

महाराज गाडीत बसले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. मोटार निघाली. भाजी बाजार डावीकडे राहिला, कोष्टी आळी डावीकडे राहिली, आणि गाडी बाणासारखी थेट नदीघाटापर्यंत गेली. सुकाणूला हात न लावता महाराज जन्मात पहिल्यांदा नदीवर पोहोचले होते!

परत आले ते डोळे बारीक करूनच. "राही, खरं सांग. गाडीत दोष होता ना?"

सगळ्या दरबाराच्या नजरा तिच्याकडे वळल्या.

"मुळीच नाही, सरकार!" राही म्हणाली. "दोष कधी कुणाचा हुकूम ऐकतो का? ऐकतो तो चाकर!"

महाराज इतके हसले, इतके हसले, की त्यांना मोटारीचं दार धरावं लागलं. आळी वाचली, शिदूला त्याची जागा मिळाली आणि राहीच्या हातात सोन्याचे गोठ आले. शिवाय संस्थानच्या तमाम चाकांची मानकरीण म्हणून तिला दर दसऱ्याला दरबारात खुर्ची मिळाली, अगदी महाराजांच्या बरोबरीने, चार बोटंही मागे नाही!